तुम्ही विचारलंत म्हणून: कागदाबाहेर गेलेले अकरा

"शिकार करत नाही, कुठल्या स्पर्धेत उतरत नाही, मग कागदावर बार काढून भोकं कसली मोजत बसता?" हुरड्याला शेतावर येणारा प्रत्येक पाहुणा हे विचारतो. नान्नजला दुर्बीण घेऊन काळवीट बघायला जाणारे माझे मित्रही विचारतात, जरा खालच्या आवाजात. आजवर "हौस आहे" म्हणून मी वेळ मारून नेली. पण ती हौस नाही.

बंदूक वडिलांची, बाराबोर, दोन नळ्यांची. परवाना पीकसंरक्षणाचा, त्यांच्या माघारी माझ्या नावावर झालेला. तिने मी एकही जीव मारलेला नाही. मला एवढंच म्हणता येतं. कुणाला दुखावलं नाही, असं म्हणता येत नाही.

आधी सामान सांगतो, कारण प्रश्न ती चौकट बघूनच सुरू होतो. सोलापूरच्या पूर्व भागात ओळखीच्या एका विणकर घरातला हातमाग मोडीत निघाला, त्याची लाकडं मी मागून आणली आणि पाच फुटी चौकट केली. कागद म्हणून सुरुवातीला वर्तमानपत्राची रद्दी लावली. ती चूक होती. काडतुसात भरलेला शिशाचा बारीक दाणा म्हणजे छर्रा. सहा नंबरचा छर्रा जेमतेम २.६ मिलिमीटरचा, छापील अक्षरांत त्याचं भोक हरवतं. शिवाय वाऱ्यात कागद फडफडला की भोकाची चीर होते आणि तिच्यातून एक गेला की दोन, ते कळत नाही. मग चादरींच्या गठ्ठ्यांना गुंडाळतात तो खाकी कागद आणला, दोन पट्टे जोडले आणि मागून रद्दीचा थर खळीने चिकटवला. सुताला लावतात तीच खळ. तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचा, नाहीतर पावसाळ्यात झुरळं कागद कुरतडतात. हा कागद वाळला की पापडासारखा ताठ होतो आणि छर्रा स्वच्छ गोल भोक पाडून जातो.

अंतर ४० यार्ड, म्हणजे साडेछत्तीस मीटर. नायलॉनची दोरी ताणते, म्हणून मी तार वापरतो. एका कागदावर एकच बार. मागे विहिरीतून निघालेल्या मातीचा उंच ढीग आहे, ठाण्यात आधी लेखी कळवलेलं असतं आणि पाणंदीच्या तोंडाशी लाल फडकं घेऊन माणूस उभा असतो. माणूस मिळाला नाही तर त्या दिवशी बार नाही.

घरी आल्यावर कागद फरशीवर पसरायचा आणि पंखा बंद करायचा. भोकं जिथे सगळ्यात दाट आहेत त्याचा मध्य धरून ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढायचं. त्यासाठी बांबूची कामटी केली आहे, पंधरा इंचांवर दोन भोकं, एकात खिळा, दुसऱ्यात पेन्सिल. मग प्रत्येक भोकावर ज्वारीचा एक दाणा ठेवायचा. दाणा भोकापेक्षा मोठा, त्यामुळे आत पडत नाही. आतले दाणे एका वाटीत, बाहेरचे दुसऱ्या वाटीत, दहा-दहाचे ढीग करून मोजायचे. पेन्सिलीने खुणा करत मोजलं तर माझी दरवेळी चूक होते, दाण्यांनी होत नाही.

जगभर मोजतात ते वर्तुळाच्या आतले. काडतुसातल्या छर्ऱ्यांपैकी ७० टक्के आत आले तर नळी फुल चोक, ६० आले तर हाफ चोक आणि ४० आले तर साधी सरळ नळी. चोक म्हणजे नळीचं तोंड आवळलेलं असतं ते, फुल चोकलाही सुमारे एक मिलिमीटरच. मी मात्र बाहेरची वाटी आधी मोजतो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या वाटीत आहे.

१९९४चा जानेवारी. मी तेवीस वर्षांचा. मंगळवेढ्याकडच्या आमच्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी डोक्याच्या वर गेली होती, कणसं दुधात होती आणि भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना, उतरल्या होत्या. ज्यांनी भोरड्यांचा थवा बघितलाय त्यांना सांगायला नको. वाटेकरी आणि त्यांची बायको दिवस उगवल्यापासून माळ्यावरून गोफण फिरवत होते. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायचो. दुपारी मी बंदूक घेऊन गेलो. वडिलांचा नियम होता, बार आभाळात काढायचा, आवाजाने पाखरू उठतं. पहिल्या बाराला थवा उठला आणि पन्नास पावलांवर पुन्हा बसला. दुसऱ्या वेळी मी नळी खाली आणली, कणसांच्या शेंड्यांवरून जाईल इतकी, आणि डावा चाप ओढला.

ओरडणं ऐकू आलं नाही. पाखरं उठल्याचा आवाज मोठा होता. मग ज्वारी हलली आणि वहिनी बांधावर आल्या, पदर गालाला लावलेला. त्या पलीकडच्या कडेला, माझ्यापासून ऐंशीएक पावलांवर, गुरांसाठी गवत कापत होत्या. "दादा, काहीतरी लागलंय बघा," म्हणाल्या. त्या आवाजात तक्रार नव्हती. चुकीच्या जागी उभं राहिल्याबद्दल माफी मागावी तसा तो आवाज होता. पदर काढला तर डाव्या डोळ्याच्या खाली, बोटभर अंतरावर, एक बारीक भोक होतं. रक्तही फार नव्हतं.

मोटारसायकलवर मध्ये त्या, मागे वाटेकरी, असे आम्ही सोलापूरला डॉक्टरांकडे आलो. वाटेत कुणी बोललं नाही. छर्रा निघाला, डोळा वाचला. बशीत पडलेला तो दाणा चेपून पापुद्र्यासारखा झाला होता.

ठाण्यात आम्ही कळवलं नाही. "वहिनींनीच नको म्हटलं," असं मी कितीतरी वर्षं सांगत आलो. खरं असं की वडिलांनी आणि मी त्यांना विचारलं तेच अशा रीतीने, की नको म्हणण्यावाचून त्यांना दुसरी वाट नव्हती. रान आमचं, वाटा त्यांचा. पुढच्या वर्षी त्यांनी दुसऱ्याचं रान धरलं. कारण आम्ही विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

वडील त्या संध्याकाळी एवढंच म्हणाले, "डावी नळी घट्ट आहे, असं व्हायला नको होतं." घट्ट आहे हे त्यांना कसं माहीत? ते तीस पावलांवर तुपाचा रिकामा डबा ठेवून बार काढायचे आणि डब्याची चाळण झाली की खूश व्हायचे. पण डबा फक्त डब्याला लागलेले छर्रे दाखवतो. शेजारून किती गेले हे तो सांगत नाही. शिवाय तीस पावलांवर पसारा मुळातच कमी.

परवाना माझ्या नावावर झाल्यावर मी पहिला कागद लावला. एक काडतूस उकलून छर्रे मोजले होते, २८३. डाव्या नळीच्या त्या बारात वर्तुळात आले १७१, म्हणजे साठ टक्के. घट्ट म्हणवणारी नळी हाफ चोक निघाली. वर्तुळाबाहेर पण कागदावर, १०१. बेरीज केली, २७२. तीनदा मोजलं. अकरा छर्रे पाच फुटी कागदावर कुठेच नव्हते.

ते का भरकटतात हे आता मला माहीत आहे. शिसं मऊ. बार उडताना तळातले छर्रे वरच्यांच्या भाराखाली चेपतात, नळीला घासणारे एका बाजूने सपाट होतात आणि असा वेडावाकडा दाणा हवेत सरळ जात नाही. प्लॅस्टिकच्या पेल्यात भरलेली काडतुसं आली तेव्हा हे कमी झालं, आमच्या त्या काडतुसात नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, चकती होती. सहा नंबरचा छर्रा नळी तिरकी वर धरली तर दोनशे मीटरपर्यंत जाऊ शकतो. ज्वारीत उभं असलेलं माणूस त्याच्या फार अलीकडे असतं.

हे सगळं १९९४ला माहीत असतं तर? तेवीस वर्षांचा मी म्हणतो, मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी त्याला म्हणतो, बार आभाळात काढायचा हे तर सांगितलं होतं ना. त्यासाठी टक्केवारी लागत नव्हती. मग हे कागद कशासाठी, असं तो मला विचारतो. तुम्हीही तेच विचारता. चोक, शिसं, नमदा यांच्यावर मी माझी चूक ढकलतोय का? काही दिवशी वाटतं, होय, तसंच आहे. काही दिवशी बाहेरची वाटी मोजताना वाटतं, निदान हे कुणीतरी मोजायला हवं होतं.

बंदूक विकून टाक, असं घरचे म्हणतात. विकली तर दुसरं कुणीतरी तिला घट्ट म्हणेल.

मागे गड्ड्याच्या जत्रेत वहिनी भेटल्या, नातवाला घेऊन आल्या होत्या. डोळ्याखालची खूण आता सुरकुतीत गेली आहे. "दादा, अजून कागदावर मोजताय म्हणे," म्हणाल्या. मी हो म्हणालो. त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मग नातू पाळण्याकडे ओढायला लागला, तशा गेल्या.

डाव्या नळीचे सहा कागद झालेत. उजवीचे राहिलेत, कारण २०२४ला लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुकांना बंदूक ठाण्यात जमा होती आणि त्यानंतर माझीच टाळाटाळ. या वेळी सहा फुटी चौकट केली आहे. खळ उद्या शिजवायची आहे.