होळीच्या आत गच्चीवर काय लावायचं

पुण्यात फेब्रुवारी संपत आला की दुपारी ऊन चटका द्यायला लागतं पण पहाटे अजून गारवा असतो, आणि हेच दोन-तीन आठवडे उन्हाळी भाज्या पेरायला सगळ्यात भारी. महाशिवरात्र ते होळी. आई गावाकडे परसात याच दिवसांत वेल लावायची आणि मी गच्चीवर तेच करते. पालक, कोथिंबीर आता नकोच, ऊन वाढलं की लगेच तुरे येतात, पानं निबर होतात. त्याऐवजी लाल माठ आणि राजगिरा टाका, महिन्याभरात भाजी ताटात.

भेंडी मात्र हवीच. बी रात्रभर भिजत घालायचं आणि थेट कुंडीतच लावायचं, रोप हलवलेलं तिला मानवत नाही. साधारण दीड-पावणेदोन महिन्यांत तोडा सुरू होतो आणि मग दिवसाआड तोडावीच लागते नाहीतर जून होते. गेल्या वर्षी मी एप्रिलमध्ये पेरली आणि सगळ्या झाडांवर केवडा रोग आला, पानांच्या शिरा पिवळ्याधमक, भेंड्या पण पिवळट. हा व्हायरस पांढरी माशी पसरवते, आणि उष्मा वाढला की ती माशी पण वाढते. म्हणून यंदा लवकर पेरली, आणि बी परभणी क्रांतीचं आणलं, ही जात परभणीच्या कृषी विद्यापीठाने केवड्याला तोंड देण्यासाठीच काढलीये.

आता माझा लाडका दुधी. मोठा ड्रम लागतो, निम्मी माती, बाकी शेणखत आणि कोकोपीट, मूठभर नीमपेंड, आणि वरून पालापाचोळ्याचा जाड थर, तो नसेल तर मे महिन्यात दोन वेळा पाणी घालूनही पुरत नाही. सहा-सात पानं झाली की शेंडा खुडायचा, बाजूचे फुटवे येतात आणि मादी फुलं त्यांच्यावरच जास्त धरतात. फुलं पांढरी, संध्याकाळी उमलणारी. आधी नुसती नर फुलं येतात, तेव्हा घाबरून जाऊ नका. मादी फुलामागे इवलासा दुधी असतोच, बघताक्षणी ओळखू येतो. पण पाचव्या मजल्यावर नर फुलाचे परागकण मादी फुलात नेणारे रात्रीचे पतंग कुठून येणार, मग तो इवलासा दुधी पिवळा पडून गळतो आणि जीव हळहळतो. त्यामुळे दिवेलागणीला मी वर जाते, नर फूल तोडून त्याच्या पाकळ्या काढते आणि परागकण मादी फुलात हलकेच टेकवते. दोन-तीन दिवसांत दुधी मान खाली घालून वाढायला लागला की समजायचं जमलं.

दोडका, कारल्याचं बी कडक असतं, नेलकटरने टोक जरासं कापून दिवसभर भिजवा, पटकन रुजतं. गवारीला फार खत नको. आणि मोगऱ्याची छाटणी राहिली असेल तर आजच करा, पाडव्याच्या सुमारास कळ्या धरायला लागतात, माझ्या कुंडीत पहिल्या चार दिसल्यात.