लँडिंगच्या शेवटच्या दोन मिनिटांसाठी पीसी: फ्लाइट सिमचे पार्ट निवडताना

फ्लाइट सिमसाठी, म्हणजे घरी बसून विमान उडवायच्या सॉफ्टवेअरसाठी, दणदणीत पीसी बांधायचा म्हटलं की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, ग्राफिक्स कार्ड कुठलं घेऊ. मला विचाराल तर हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या नंबरवर यायला हवा. आधी हे ठरवा की तुम्ही उडवता काय, उतरता कुठे आणि बघता कशावर. छोटं सेसना १७२ घेऊन डोंगरदऱ्यांतून फिरणाऱ्याचा पीसी वेगळा आणि फेनिक्स कंपनीचं, सिमसाठी वेगळं विकत मिळणारं एअरबस ए३२० घेऊन संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये लंडनच्या हीथ्रोला उतरणाऱ्याचा पीसी वेगळा, दोघांचं सॉफ्टवेअर एकच असलं तरी. आणि बाकीच्या गेम्सचे बेंचमार्क बघून सिमचा पीसी ठरवायचा प्रकार तर मला अजिबात पटत नाही, कारण शूटर गेममध्ये जे कार्ड आणि जो प्रोसेसर वर असतो तोच इथे वर असेल असं काही नाही.

माझा नियम एकच आहे, पीसी घ्यायचा तो लँडिंगच्या शेवटच्या दोन मिनिटांसाठी. ३५ हजार फुटांवर क्रूझमध्ये असताना बऱ्यापैकी कुठलाही चांगला पीसी मस्त चालतो, खाली ढग आहेत, विमान सरळ चाललंय, सिमला फारसं काही करायचं नाहीये. खरी परीक्षा अप्रोचला, म्हणजे उतरायला विमानतळाकडे येताना. विमान खाली येतं तसा जमिनीचा तपशील वाढत जातो, शहरातल्या इमारती लोड होतात, विमानतळाचं सीनरी, टॅक्सीवेवरची एआय विमानं, वर तुमच्या कॉकपिटमधले पाच-सहा डिस्प्ले सारखे नव्याने रेखाटले जातायत, आणि हे सगळं नेमकं त्याच वेळी येतं जेव्हा तुमचा हात स्टिकवर सगळ्यात नाजूक काम करत असतो. एअरबसचा आवाज येतो फिफ्टी, फोर्टी, थर्टी, ट्वेंटी, रिटार्ड, आणि या पन्नास फुटांपासून चाकं टेकेपर्यंत जेमतेम पाच-सहा सेकंद मिळतात. त्यात तिसाच्या आसपास तुम्ही नाक हळूच वर घ्यायला लागता (यालाच फ्लेअर म्हणतात) आणि तेवढ्यात चित्र पाव सेकंद अडकलं तर हात अंदाजाने चालतो, मग एक तर विमान आपटतं नाहीतर रनवेवर तरंगत राहतं. त्यामुळे क्रूझमध्ये ११० एफपीएस (सेकंदाला ११० फ्रेम, म्हणजे चित्रं) दिसतात हे कोणी सांगितलं की मी लगेच विचारते, हीथ्रोला नाहीतर न्यूयॉर्कच्या जेएफकेला फायनलवर, म्हणजे रनवेच्या सरळ रेषेत उतरताना, किती आणि किती स्थिर?

स्थिर हा शब्द महत्त्वाचा. ३० एफपीएस म्हणजे दर ३३ मिलिसेकंदांनी एक फ्रेम, ६० म्हणजे साधारण १७ मिलिसेकंदांनी. सलग ३३-३३-३३ असं चाललं तर डोळा सरावतो, हातही सरावतो. पण बहुतेक फ्रेम १७-१७-१७ आणि मध्येच एखादी ९० असं चाललं तर सरासरी आकडा छान दिसेल आणि उडवायला मात्र त्रास होईल. सिमसाठी फ्रेमटाइमचा आलेख बघा, सरासरी नुसती जाहिरातीपुरती.

जुने लोक सांगतील की हे दुखणं आजचं नाही. मायक्रोसॉफ्टच्या २००६ च्या एफएसएक्स या सिममध्ये पण हेच होतं, तो ३२ बिट प्रोग्राम, ४ जीबीच्या वर मेमरी वापरूच शकायचा नाही, लांबचा प्रवास करून मोठ्या विमानतळाच्या जवळ आलं की सीनरी लोड होता होता मेमरी संपायची आणि विंडोजचा तो डिंग आवाज येऊन सगळं बंद. आता ती मर्यादा गेली, पण गर्दी व्हायची जागा तीच राहिली.

तर प्रोसेसर. सिममध्ये बरंच काम अजून एका मेन थ्रेडवरूनच जातं. विमानाच्या सिस्टिम, फ्लाइट मॉडेल, ट्रॅफिक, जमिनीवरच्या वस्तूंची यादी, हे त्या एका रांगेत उभं असतं आणि ती रांग संपल्याशिवाय पुढची फ्रेम निघत नाही. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये डेव्हलपर मोड चालू करून एफपीएसची खिडकी उघडा, तिथे सरळ लिहून येतं की आत्ता तुम्हाला मेन थ्रेड अडवतोय की जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्ड. मोठ्या विमानतळावर एअरलायनर घेऊन उभे असाल तर बहुतेक वेळा मेन थ्रेडच दिसेल, आणि तेव्हा तुम्ही कितीही मोठं कार्ड लावा, ते निवांत बसून राहणार.

इथे एएमडीचे एक्स३डी प्रोसेसर पुढे का आहेत ते समजून घ्यायला हवं. सिमला सतत हजारो लहान लहान गोष्टींची माहिती लागते आणि ती एका जागी नीट ओळीत नसते, इकडे तिकडे विखुरलेली असते. प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण वेगवान मेमरीत, म्हणजे कॅशमध्ये, सापडली तर ठीक, नाहीतर रॅमपर्यंत जावं लागतं आणि त्या वेळात कोर नुसता वाट बघतो. साध्या रायझन ७ ९७००एक्सला एल३ कॅश आहे ३२ एमबी, ९८००एक्स३डीला ९६ एमबी. कोर दोघांना आठच. हा फरक बाकीच्या बऱ्याच कामांत जाणवत नाही पण सिममध्ये जाणवतो, आणि तोही नेमका गर्दीच्या ठिकाणी. शिवाय ९८००एक्स३डीमध्ये जास्तीची कॅश कोरच्या खाली बसवलीय, आधीच्या ७८००एक्स३डीमध्ये ती वर होती, त्यामुळे आता उष्णता बाहेर पडायला सोपं जातं आणि कोरचा वेगही (क्लॉक) वर राहतो. तुमच्याकडे ७८००एक्स३डी असेल तर मात्र तो बदलायची घाई करू नका, तो अजूनही उत्तम आहे.

मग १६ कोरवाला ९९५०एक्स३डी? त्यात कोरचे दोन गट आहेत आणि जास्तीची कॅश एकाच गटावर आहे, त्यामुळे सिम योग्य गटावर चालतंय ना हे विंडोज आणि ड्रायव्हरच्या भरवशावर राहतं. तरी ज्यांच्याकडे सिमसोबत बाकी बरंच चालू असतं त्यांचं म्हणणं मला समजतं. फेनिक्सच्या सिस्टिम वेगळ्या प्रोग्राममध्ये चालतात, सोबत व्हॅटसिम या ऑनलाइन एटीसी नेटवर्कचा क्लायंट, चार्ट, हेड ट्रॅकिंग, कोणाचं स्ट्रीमिंग. हे सगळं दुसऱ्या कोरवर ढकललं जातं आणि त्याचा फायदा होतो. पण व्हिडिओ एडिटिंग वगैरे दुसरं जड काम नसेल आणि पीसी मुख्यतः उडवायलाच असेल तर मी ९८००एक्स३डीच घ्या म्हणेन आणि वाचलेले पैसे पेडल्सवर घाला. चांगल्या पेडल्सनी क्रॉसविंड लँडिंग जेवढं सुधारतं तेवढं जास्तीच्या आठ कोरनी नाही सुधारत.

आता ग्राफिक्स कार्ड. इथे मी आधी व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) बघते, मग वेग. कारण वेग कमी पडला तर एफपीएस थोडे कमी होतात, सेटिंग खाली आणलं की झालं, पण व्हीरॅम भरली की चित्र एकदम कोसळतं, ५० चे १० होतात आणि ते परत वर येतीलच असं नाही. आणि हे कधी होतं? तासभर उडून, दोन-तीन शहरांवरून येऊन, शेवटी त्या जड विमानतळावर, म्हणजे पुन्हा तीच वेळ. १४४०पी वर १६ जीबी व्यवस्थित पुरते, म्हणजे आरटीएक्स ५०७० टीआय किंवा एएमडीचं आरएक्स ९०७० एक्सटी. ४के वर हाय-अल्ट्रा टेक्श्चर, पेड विमान आणि पेड विमानतळ असं एकत्र आलं की १६ मध्ये थोडं बघून चालावं लागतं, टेक्श्चर एक पायरी खाली आणलं की जमतं. २४ जीबीचं ४०९० किंवा ३२ जीबीचं ५०९० असेल तर तो विचारच करायला नको. पण ५०९० नुसतं कार्डच ५७५ वॉट खातं हे आधी लक्षात घ्या, खोली तापते, आणि दोन-तीन तासांच्या फ्लाइटमध्ये ते चांगलंच जाणवतं.

व्हीआर हा तर वेगळाच विषय. ४के मॉनिटरवर साधारण ८३ लाख पिक्सेल, तर पिमॅक्स क्रिस्टल लाइट या व्हीआर हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याला २८८० बाय २८८०, दोन्ही मिळून १ कोटी ६५ लाखांच्या वर, बरोबर दुप्पट, आणि लेन्सचा बाक भरून काढायला प्रत्यक्षात त्याहून जास्त रेंडर करावे लागतात. ५०९० घेण्याला माझ्या मते एकच पटणारं कारण आहे ते म्हणजे व्हीआर. मेटाचा क्वेस्ट ३ हेडसेट चालतो, पण त्याला डिस्प्लेपोर्ट नाही, चित्र व्हिडिओसारखं दाबून पाठवलं जातं, त्यात कॉकपिटमधले बारीक आकडे थोडे मऊ पडतात. आणि एचपीचा जुना रिव्हर्ब जी२ हेडसेट स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांनी थांबा, विंडोज ११ च्या २४एच२ पासून मायक्रोसॉफ्टने तो ज्यावर चालतो त्या मिक्स्ड रिअ‍ॅलिटीचा आधारच काढून टाकलाय.

डीएलएसएसबद्दल (कमी पिक्सेल रेंडर करून एआयने चित्र मोठं करायचं एनव्हिडियाचं तंत्र) बरीच वर्षं तक्रार होती की बाहेरचं दृश्य छान दिसतं पण पीएफडीवरचे (पायलटसमोरच्या मुख्य डिस्प्लेवरचे) आकडे बदलताना मागे सावली सोडतात, अल्टिमीटरची पट्टी पुसट होते. २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या डीएलएसएस ४ च्या नव्या मॉडेलने ते बरंच कमी झालंय, क्वालिटीवर ठेवून मी बिनदिक्कत वापरते. फ्रेम जनरेशनही सिममध्ये मला आवडतं, कारण मेन थ्रेड अडला असताना जीपीयूकडे मोकळा वेळ असतोच, तो मधल्या फ्रेम बनवण्यात जातो. पण त्याच्या आधीचा खरा फ्रेमरेट ४० च्या आसपास तरी हवा, खरे २५ असताना चित्र गुळगुळीत दिसेल पण विमान स्टिकला उशिरा उत्तर देईल, आणि फ्लेअरमध्ये ते हाताला लगेच कळतं.

रॅम ६४ जीबी, डीडीआर५-६०००, सीएल३०, आणि ३२-३२ च्या दोनच स्टिक. मायक्रोसॉफ्टच्या २०२४ च्या सिमच्या सर्वात वरच्या स्पेकमध्ये ६४ जीबीच दिलेली आहे. चार स्टिक लावायचा मोह टाळा, दिसायला भरलेलं छान दिसतं पण रायझन ९००० साठी एएमडीचा अधिकृत वेग दोन स्टिकला ५६०० आणि चार स्टिकला ३६०० आहे, एवढा फरक. आणि बायोसमध्ये जाऊन एक्स्पो (रॅमला तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करायचं, नाहीतर महागाची रॅम कमी वेगाने चालत राहते आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

एसएसडीवर फार वेळ घालवू नका, २ टीबीचा चांगला जेन४ एनव्हीएमई पुरे, जेन५ ने उडताना काही फरक पडत नाही. २०२४ चं सिम इन्स्टॉलला ५० जीबीच्या आसपास आहे कारण बाकी सगळं उडता उडता नेटवरून येतं, तेव्हा पैसे वाचलेच तर राउटरपासून पीसीपर्यंत केबल टाका, वायफायवर राहू नका. वरच्या स्पेकला १०० एमबीपीएस सांगितलंय.

पॉवर सप्लाय ५०९० ला १००० वॉट, ५०७० टीआयला ७५०-८५०, एटीएक्स ३.१ चा, ज्याला १२व्ही-२x६ ची केबल सरळ येते. ती केबल कार्डात पूर्ण आत बसलीय का हे टॉर्च मारून बघा, फट दिसता कामा नये, आणि कनेक्टरच्या अगदी तोंडाशी वाकवू नका. अर्धवट बसली तर थोड्याच पिनांवर सगळा करंट जातो आणि प्लास्टिक वितळतं. कूलरसाठी मोठ्या वॉटर कूलिंगची गरज नाही, ९८००एक्स३डी दोन पंख्यांच्या चांगल्या एअर कूलरवर आरामात राहतो.

मदरबोर्ड लोक चिपसेट बघून घेतात, मी मागची बाजू बघून घेते. योक, थ्रॉटल, पेडल्स, ऑटोपायलटचं एफसीयू पॅनल, फ्लाइट कॉम्प्युटरचं एमसीडीयू पॅनल, हेड ट्रॅकर, हेडसेट, वर कीबोर्ड-माउस, मोजा जरा. बोर्डवर मागे आठ-दहा यूएसबी पोर्ट हवेतच, आणि तरी बाहेरून पॉवर लागणारा एक हब लागेलच. नुसत्या यूएसबीच्या पॉवरवर चालणाऱ्या हबला चार-पाच पॅनल लावली की त्यातलं एखादं उडता उडता गायब होतं. तसंच विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. लांबच्या क्रूझमध्ये पेडल्सना कोणी हात लावत नाही, म्हणजे पाय लावत नाही, विंडोजला वाटतं हे झोपलंय, आणि टचडाउननंतर रडर द्यायला जावं तर काहीच होत नाही. आणखी एक, काही बोर्डांवर दुसऱ्या एम.२ स्लॉटमध्ये एसएसडी टाकला की ग्राफिक्स कार्डच्या १६ लेनच्या (डेटा जायच्या वाटांच्या) आठ होतात, त्यामुळे मॅन्युअलमधला लेनचा तक्ता खरेदीच्या आधी वाचा, तो पीडीएफ कंपनीच्या साइटवर असतो.

सगळं जोडून झालं की लगेच दोनशे अ‍ॅडऑन टाकू नका. आधी रॅमची टेस्ट रात्रभर, मग कोरं सिम, डिफॉल्ट विमान, आणि एका ठरावीक विमानतळावर एक ठरावीक अप्रोच, हवामान आणि वेळ पण ठरलेली, ते सेव्ह करून ठेवा. दर वेळी तोच दहा मैलांचा फायनल उडवायचा आणि फ्रेमटाइम नोंदवायचा, मग एक अ‍ॅडऑन टाकायचा, परत तोच फायनल. टेरेन एलओडीचा (जमिनीचा तपशील किती लांबपर्यंत दिसावा याचा) स्लायडर सगळ्यात शेवटी वर न्या, कारण तो मेन थ्रेडवर सगळ्यात जास्त बसतो, आणि ढगांचं सेटिंग त्याच्या उलट जीपीयूवर बसतं. जीपीयू रिकामा दिसत असेल तर ढग अल्ट्रावर न्यायला काहीच हरकत नाही.