कंट्रोलरमधला व्हॉल्यूम कंट्रोल

गेल्या नवरात्रात आमच्या टीव्हीवरच्या व्हिडिओ गेममधला एक फुटबॉलपटू आपोआप डावीकडे चालायला लागला. मी कंट्रोलरच्या स्टिकला, म्हणजे खेळाडू चालवायच्या छोट्या दांड्याला, हातही लावलेला नसायचा आणि हा पठ्ठ्या बॉल सोडून टचलाइनकडे फिरायला निघालेला. नवऱ्याचं म्हणणं, मी हरायला लागले की कंट्रोलरला दोष देते. त्याच्या हातात दिला. त्याचाही डावीकडेच गेला. मग तो गप्प.

या दुखण्याला सगळीकडे ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. माझा कंट्रोलर कुठल्या कंपनीचा ते लिहीत नाही, कारण आत बसवलेला स्टिकचा मॉड्यूल बहुतेक सगळ्यांचा जवळपास एकच असतो आणि दुखणंही तेच. कंट्रोलर घेऊन चौदा महिने झाले होते. वॉरंटी बारा महिन्यांची. हे गणित किती चोख आहे ते मला पुढे कळलं.

आधी जे सगळे करतात ते मीही केलं. सेटिंगमध्ये डेडझोन वाढवला, म्हणजे स्टिक थोडी हलली तरी खेळाने दुर्लक्ष करावं. त्याने खेळाडू थांबला खरा, पण हळू चालवायचा म्हटलं तर चालेना; एक तर उभा, नाहीतर पळत सुटलेला. स्टीअरिंगला प्ले आलेली जुनी गाडी चालवल्यासारखं वाटायचं. मग कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे आणला, स्टिकच्या बुडाशी मारला, गोल गोल फिरवला. अकरा दिवस झकास चाललं. मला वाटलं, जिंकलो. बाराव्या दिवशी स्वारी पुन्हा टचलाइनकडे.

सर्व्हिस सेंटरवाल्यांनी पाच मिनिटांत सांगितलं की आम्ही स्टिक बदलत नाही, नवा घ्या. नवा म्हणजे सहा हजारांच्या आसपास. पुण्याच्या तपकीर गल्लीत एका दुकानदाराने कंट्रोलर हातात घेऊन सांगितलं, “मॅडम, बदलून देतो, पण तोच पार्ट मिळेल. वर्षभराने परत याल.” निदान प्रामाणिक तरी होता.

तिथून मामाचं घर चालत दहा मिनिटांवर. मामाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. बंद करून पंधरा वर्षं झाली, पण हत्यारांचं कपाट अजून जसंच्या तसं आहे. व्हिडिओ गेममधलं त्याला काही कळत नाही, म्हणून मी तक्रार सांगितली ती नुसतं बोलायचं म्हणून: मधेच चालतो, मधेच सरकतो, स्प्रे मारला की थोडे दिवस बरा. त्याने चहाचा कप खाली ठेवला.

“अगं, हा तर व्हॉल्यूम कंट्रोल!”

ड्रॉवरमधून त्याने जुन्या रेडिओचा एक गोल पॉट, म्हणजे आवाजाच्या बटणामागचा पोटेन्शिओमीटर, काढला, मागचं पत्र्याचं झाकण उचकटलं आणि माझ्यासमोर धरला. आत घोड्याच्या नालेसारखी काळी कार्बनची पट्टी. तिच्यावरून एक पितळी बोट घासत फिरतं. बोट जिथे असेल त्याप्रमाणे रोध कमी-जास्त होतो आणि आवाज वाढतो किंवा घटतो. वर्षानुवर्षं फिरवून पट्टी झिजली, कार्बनची भुकटी साचली की बोटाला नीट स्पर्श मिळत नाही, आणि मग बटण फिरवताना ती ओळखीची खरखर ऐकू येते. आमच्या लहानपणी प्रत्येक घरातल्या रेडिओत ती असायची. “सीटीसीचे, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइडचे, दोन थेंब टाकायचो,” मामा म्हणाला, “महिनाभर बरं चालायचं. गिऱ्हाईक खूष. मग यायचंच परत.” माझे स्प्रेचे अकरा दिवस ते हेच.

कंट्रोलरच्या प्रत्येक स्टिकला असे दोन पॉट असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. पट्टीवर झिजलेल्या जागी जी रेडिओत खरखर ऐकू येते, ती खेळात चालताना दिसते. इतकंच. हजारो रुपयांच्या यंत्रात, बोटांना गवत आणि चिखल यातला फरक थरथरून सांगणाऱ्या कंट्रोलरमध्ये, सगळ्यात आधी मरतो तो रेडिओच्या जमान्यातला भाग. मला खरं तर हसूच आलं.

घरी येऊन वाचत बसले. या प्रकारच्या मॉड्यूलचं आयुष्य बनवणारेच कागदोपत्री २० लाख फेऱ्या असं देतात. आकडा मोठा वाटतो. फुटबॉलच्या खेळात मिनिटाला साठ वेळा तरी स्टिक इकडून तिकडे जाते. २० लाख भागिले साठ म्हणजे ३३ हजार मिनिटं, म्हणजे साधारण ५५५ तास. रोज रात्री सव्वा तास खेळलं तर पावणेपंधरा महिने. हिशेब ढोबळ आहे, पण माझ्या चौदा महिन्यांशी इतका जुळला की मी कॅल्क्युलेटर दोनदा तपासला.

हे कुणाला माहीत नव्हतं असंही नाही. निन्टेन्डोच्या स्विच या कन्सोलच्या (गेमच्या यंत्राच्या) जॉय-कॉन कंट्रोलरच्या ड्रिफ्टवरून अमेरिकेत २०१९ मध्ये खटला गुदरला गेला आणि जून २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी भागधारकांसमोर दिलगिरी व्यक्त केली. तरी ५ जून २०२५ ला स्विच २ बाजारात आला तो पुन्हा पॉटवाल्याच स्टिक घेऊन. गंमत म्हणजे न घासणारी स्टिक ही काही नवी गोष्ट नाही. सेगाने १९९८ च्या ड्रीमकास्ट कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये ती वापरली होती: स्टिकच्या टोकाला लोहचुंबक, खाली हॉल सेन्सर. चुंबक हलला की सेन्सरला क्षेत्रातला बदल कळतो, मधे काहीच कशाला टेकत नाही. एडविन हॉलने हा परिणाम शोधला १८७९ मध्ये, म्हणजे मामाच्या रेडिओच्याही आधी. पॉट स्वस्त पडतो आणि वॉरंटीपुरता टिकतो. मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

“नवीन घेऊन टाक ना,” हे भावाने फोनवर सांगितलं. पण नवीन घेण्याचाही हल्ली भरवसा राहिलेला नाही. पूर्वी कन्सोल जुना झाला की स्वस्त व्हायचा, आपण थांबायचो आणि दिवाळीला घ्यायचो. आता उलटं झालंय. सोनीचा पीएस५ बाजारात येऊन पाचेक वर्षं होत आली असताना ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत त्याची किंमत ५० डॉलरने वाढली, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सची तर त्याच वर्षात दोनदा. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला पीएस५ प्रो भारतात तेव्हा आणलाच नाही, कारण त्याचं वायफाय ज्या ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर चालतं तो पट्टा आपल्याकडे खुला नव्हता. असो. ठरलं की मॉड्यूल बदलायचा, आणि बदलायचा तर न घासणारा.

ऑनलाइन बघितलं तर दोन जाती निघाल्या. एक हॉलवाले, दुसरे टीएमआर. टीएमआरही चुंबकावरच चालतात, पण सेन्सर वेगळा, हार्ड डिस्कचं वाचणारं टोक ज्या तत्त्वावर काम करतं त्यातला. हॉलपेक्षा वीज कमी खातात, म्हणून बॅटरीवर चालणाऱ्या कंट्रोलरला बरे. एका बाबतीत मात्र मी थोडक्यात बचावले: काही कंट्रोलर स्टिकला १.८ व्होल्ट देतात, काही जास्त. दिसायला मॉड्यूल सारखाच, पायही तेवढेच, पण आपल्या मॉडेलसाठीचाच घ्यावा लागतो. मी आधी मागवलेली ऑर्डर रद्द करून दुसरी टाकली. टीएमआरची जोडी नऊशेला पडली.

दिवाळीनंतरच्या रविवारी मामाकडे बसलो. मी इडलीपात्राची एक ताटली बरोबर नेली होती. प्रत्येक खळग्यात एकेका जागचे स्क्रू, म्हणजे घोळ नको. (मामीने ती ताटली ओळखली. ते प्रकरण वेगळं.) वरची पट्टी प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकली, क्लिप सुटताना टक्क आवाज झाला आणि माझ्या पोटात गोळा आला. काही तुटलं नव्हतं. बॅटरी सोडवली, रिबन केबल काढल्या. थरथरणाऱ्या मोटरच्या केसासारख्या वायरी बोर्डाला थेट डाग देऊन जोडलेल्या होत्या. त्या न तोडता बोर्ड पालथा करायला अर्धा तास गेला.

एका मॉड्यूलला चौदा पाय. सगळे बोर्डाच्या आरपार, आणि चौदाही एकाच वेळी मोकळे झाल्याशिवाय तो सुटत नाही. मी सकर, म्हणजे वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा पंप, लावला, काहीच ओढलं जाईना. मामाने सोल्डरिंग आयर्न माझ्या हातातून घेतलं आणि प्रत्येक डागावर आपलं जुनं शिसं-कथलाचं सोल्डर थोडं थोडं चढवलं.

“काढायचंय ना? मग आणखी कशाला लावतोयस?”

“बघ आता.”

हल्लीच्या बोर्डांवर बिनशिशाचं सोल्डर असतं, ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं. शिशाचं १८३ ला. दोन्ही मिसळली की डाग लवकर पातळ होतो आणि सकरमध्ये सरकन जातो. दहा पाय असे निघाले. उरलेले चार अर्थिंगचे. त्यांच्याभोवती तांब्याचा मोठा पत्रा असतो, तो सगळी उष्णता पिऊन टाकतो. तिथे मी घाई केली. जरा हलवून बघू म्हणून मॉड्यूल ओढला आणि एका पायाबरोबर तांब्याची इवलीशी गोल चकतीच वर आली. अर्थिंगची नव्हे, सिग्नलची, आधीच्या दहांतली; तिथे थोडं सोल्डर भोकात चिकटून राहिलं होतं.

मामा रागावला नाही. त्याने फक्त चष्मा बदलला. भिंगाखाली धरून चकतीपासून निघणारी रेघ कुठे जाते ते शोधलं, मल्टिमीटरचं एक टोक इथे, एक तिथे, आणि तिसऱ्या ठिकाणी बीप वाजला. मग जुन्या ट्रान्सफॉर्मरवरून इनॅमलची तार काढली, सहज दिसणार नाही इतकी बारीक, टोकं ब्लेडने खरवडली आणि नव्या मॉड्यूलच्या पायापासून त्या बिंदूपर्यंत घातली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा हात डाग देताना अजिबात हलत नव्हता. चहाचा कप धरताना हलतो. मी दोन्ही पाहिलंय.

दुसरा मॉड्यूल मी एकटीने काढला. एकेका पायाला वेळ दिला, भोकातून उजेड आरपार दिसेपर्यंत पुढच्याला हात लावला नाही.

जोडून चालू केला तर उजवी स्टिक ठीक, डावी वर-खाली मेलेली. मामाची तारच सुटली असणार असं मला वाटलं, आणि ते त्याला सांगायची हिंमत होईना. पुन्हा उघडला. तार जागच्या जागी होती. मी एक रिबन केबल तिरकी बसवली होती.

मग कॅलिब्रेशन. नवा सेन्सर मधोमध असताना जो आकडा देतो तो जुन्या पॉटपेक्षा वेगळा असतो, आणि कंट्रोलरच्या डोक्यात जुनाच मधला बिंदू बसलेला. त्यामुळे पहिल्या चाचणीत माझा खेळाडू आधीपेक्षा जोरात डावीकडे पळाला. चार तास खर्चून आजार वाढवला की काय! सुदैवाने माझ्या कंट्रोलरसाठी ब्राउझरमधून चालणारी सोय होती. केबल लावायची, स्टिक चारही कोपऱ्यांत नेऊन सोडायची, मग कडेकडेने गोल फिरवायची. फायरफॉक्समध्ये कंट्रोलर दिसेचना, क्रोममध्ये लगेच दिसला. बदल आधी तात्पुरता होतो, खेळून बघायचं आणि मगच कायमचा साठवायचा. पडद्यावरचा ठिपका मधे येऊन थांबला. आम्ही दोघं दोन मिनिटं नुसते त्या ठिपक्याकडे बघत बसलो होतो.

काढलेल्या जुन्या मॉड्यूलचं बाजूचं झाकण मामाने ब्लेडने उडवलं. काळ्या पट्टीवर बरोबर मध्यभागी नखाने ओरखडल्यासारखी चकचकीत खूण होती. कडेला पट्टी जवळपास नवी. म्हणजे माझी सगळी झीज मधल्या दोन मिलिमीटरमध्ये झाली होती, जिथून प्रत्येक हालचाल सुरू होते आणि जिथे परत येते. मामाने तो तुकडा रेडिओच्या पॉटशेजारी ठेवला आणि ड्रॉवर बंद केला.

१२ नोव्हेंबर २०२५ ला व्हॉल्व कंपनीने स्टीम मशीन या नव्या गेमिंग यंत्राची घोषणा केली, त्याबरोबर नवा स्टीम कंट्रोलर, आणि त्यात टीएमआरच्या चुंबकी स्टिक. मी बातमी मामाला फोनवर वाचून दाखवली. “म्हणजे त्यांनी आपल्यानंतर केलं,” तो म्हणाला. मी काही दुरुस्त केलं नाही.

माझा कंट्रोलर आता रोज चालतो. खेळाडू जिथे सोडावा तिथे उभा राहतो आणि मी हरतेच, त्याला आता कारण उरलेलं नाही. फक्त डावी स्टिक आत दाबली की पूर्वीपेक्षा मोठा टिक्क आवाज येतो, रात्री तर फारच. नवरा म्हणतो, पुन्हा उघड. मी उघडणार नाहीये.