तोंड नसलेली नाली

"साहेब, घराच्या पायाखाली झरा निघालाय," घरमालक फोनवर सांगत होते. मी विचारलं, "आत्ता पाऊस चालू आहे का?" होता, चांगलाच होता. "मग काही उपसू नका, काही झाकू नका. निघालोच."

पाण्याच्या निचऱ्याची कामं घेतो तेव्हापासूनची ही सवय. लोक पाऊस थांबल्यावर बोलावतात. तोवर डबकं आटलेलं असतं आणि घरातल्या प्रत्येकाकडे आपापली कथा तयार असते. भर पावसात पोहोचलं की कथा कमी ऐकाव्या लागतात.

घर बांधून वर्षही झालं नव्हतं. मागच्या खोलीत जमिनीपासून दीड फुटापर्यंत ओल चढलेली, तिच्या वरच्या कडेला पांढरा लोणा. घरमालकांनी आतून वॉटरप्रूफ रंग मारून घेतला होता. त्याला हाताएवढे फुगे आले होते. एक बोटाने दाबला तर पाणीच आलं. पाणी भिंतीच्या मागून रेटतंय म्हटल्यावर पुढून लावलेला रंग किती टिकणार!

बाहेर मागच्या भिंतीला लागून लांबलचक डबकं होतं. त्यात मधूनच बुडबुडे येत होते. "बघा, झरा!" घरमालक म्हणाले. बुडबुडे मात्र उलटंच सांगत होते. पाणी खाली शिरत होतं आणि भरावातल्या पोकळ्यांमधली हवा वर येत होती.

माझ्यासोबतच्या मिस्त्रींनी भिंतीपासून फूटभरावर पहार टेकवली. फारसा जोर न लावता ती दोन फूट आत गेली. पाच फुटांवर तीच पहार जेमतेम अर्धा फूट जाऊन अडली. पाया खोदताना माणसाला आत उभं राहून काम करता यावं म्हणून खड्डा रुंद घेतात. मग उरलेली जागा हाताला लागेल त्याने बुजवतात. इथे विटांचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, सेंट्रिंगची फळकुटं, सगळं निघालं. हाच भराव सहा-सहा इंचांचे थर देऊन, पाणी मारून, धुम्मस करून घातला असता तर बसला नसता. भोवती घट्ट चिकण माती, मध्ये हा भुसभुशीत भराव. थोडक्यात, परातीत वाटी ठेवावी तसं घर उभं होतं, आणि पाणी परातीत साठत होतं.

लेव्हल ट्यूब, म्हणजे पातळी बघायची पाणी भरलेली नळी लावली. भिंतीपासून 10 फुटांवर जमीन किमान 6 इंच खाली हवी. इथे ती 2 इंच वर निघाली. भराव खचल्यावर कडेचा कोबाही भिंतीकडे कलला होता. त्यात हौसेने भिंतीला टेकून फुलझाडांचा वाफा केलेला, माती थेट डीपीसीच्या वर. ओल वर चढू नये म्हणून जो थर घालतात, त्याच्या डोक्यावरून मातीनेच पूल बांधून दिला होता.

मला वाटलं, सापडलं. कोबा फोडा, भराव नीट करा, ढाळ द्या, वाफा हलवा. तसं सांगितलंही. त्यावर घरमालक जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "पण नाली तर केली होती मी. घराभोवती. फोटो आहेत."

फोटो खरंच सुरेख होते. चर, तळाला खडी, भोकं पाडलेला चार इंची पाइप, वर जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड. ढाळही दिसत होता. मी कौतुकाने पुढचे फोटो सरकवत होतो, तेवढ्यात मिस्त्रींनी विचारलं, "आणि हिचं तोंड कुठंय?"

कोणालाच माहीत नव्हतं. मलाही हा प्रश्न आधी सुचायला हवा होता.

शेवटच्या फोटोत चर खालच्या कोपऱ्याकडे जाताना दिसत होता. आता त्या कोपऱ्यात कुंपणभिंत होती, नाली झाल्यानंतर दोन महिन्यांनी बांधलेली. भिंतीत कुठे भोक नाही. पाऊस ओसरल्यावर आम्ही तिथे खणायला घेतलं. दोन फुटांवर पाइप लागला. कुंपणाच्या पायाचं काँक्रीट ओतताना त्याचं तोंड गच्च बुजलं होतं.

त्याहून मोठा घोळ वर होता. छपराच्या पन्हाळीचा पाइप एल्बो लावून जमिनीत घातलेला. मी तो सकाळीच पाहिला होता आणि 'नीटनेटकं काम' म्हणून पुढे गेलो होतो. तो याच भोकाच्या पाइपाला जोडला होता! एक चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर पाणी. त्या बाजूचं छप्पर 60 चौरस मीटर. 40 मिलिमीटर पाऊस झाला की 2400 लिटर, म्हणजे दोनशे लिटरची बारा पिंपं. ती सगळी बंद पाइपात जात होती आणि त्याच्या भोकांतून पायाभोवती पसरत होती. घरमालकांचा झरा सापडला. तो छपरावर होता.

मिस्त्रींनी कुंपणाच्या पायाला भोक पाडलं. छिन्नी आरपार गेली तशी आधी गढूळ धार आली, मग पाइप भरून पाणी. बराच वेळ चाललं होतं. घरातल्या काकू छत्री घेऊन बाहेर येऊन उभ्या राहिल्या, कोणी काही बोलत नव्हतं. संध्याकाळी परत सर आली तेव्हा डबक्यात बुडबुडे नव्हते. डबकं मात्र होतं, कारण उलटा ढाळ अजून तसाच होता.

बाकीचं काम पुढच्या आठवड्यात उरकलं. छपराच्या पाण्याला वेगळा, बिनभोकाचा पाइप, शंभराला एक ढाळाने. कोपऱ्यात उघडता येईल असा चेंबर. दोन्ही पाण्यांना रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात वाट, रीतसर परवानगी काढून; सांडपाण्याच्या गटारात नाही, शेजाऱ्यांकडे तर नाहीच. भराव दोन फूट काढून थराथराने ठोकला, वर चिकण मातीचा थर देऊन ढाळ बाहेरच्या बाजूला काढला. माती डीपीसीच्या सहा इंच खाली ठेवली. वाफा कुंपणाकडे गेला, काकूंच्या नाराजीसकट. चेंबरजवळ कुंपणावर मिस्त्रींनी लाल रंगाने बाण काढून लिहिलं: 'नालीचं तोंड. इथे काही बांधू नये.'

आतल्या भिंतीचं प्लास्टर खरवडून ती तशीच उघडी ठेवायला सांगितली आहे. भिंत सुकायला इंचाला महिना धरतात, आणि ही भिंत नऊ इंची. घरमालकांचा दर पंधरा दिवसांनी फोन येतो.

"रंग?"

"अजून नाही."