‘सजेस्ट’ची नोंदवही, टप्पा दुसरा: ‘दॅट’च्या पुढे काय येतं

पहिल्या टप्प्यात इंग्रजी मजकूर गोळा करून ‘सजेस्ट’ हे क्रियापद असलेल्या ओळी वेगळ्या काढल्या होत्या. आता वर्गवारीचं काम चालू आहे. बरेच हौशी लोक इथे शेजारशब्दांची, म्हणजे आजूबाजूला येणाऱ्या शब्दांची, यादी करतात, सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द आला ते पाहतात आणि वही मिटतात. ‘सजेस्ट’च्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. या क्रियापदाचे दोन मुख्य अर्थ आहेत, एक सल्ला देण्याचा आणि दुसरा ‘यावरून असं दिसतं’ असा. ओळीत त्यातला कोणता आहे हे बहुतेक वेळा ‘दॅट’नंतरच्या क्रियापदाच्या रूपावरून कळतं. म्हणून वहीतला मुख्य रकाना त्या रूपाचा ठेवला आहे, शेजारशब्दांचे रकाने त्यानंतर.

दोन ओळी शेजारी ठेवून बघा. ‘द डॉक्टर सजेस्टेड दॅट ही टेक अ वीक ऑफ’ आणि ‘द रेकॉर्ड सजेस्टेड दॅट ही टुक अ वीक ऑफ’. पहिलीत ‘टेक’ हे मूळ रूप आहे. मागे भूतकाळ असूनही ते ‘टुक’ झालं नाही, कर्ता ‘ही’ असूनही त्याला ‘एस’ लागला नाही. दुसरीत साधा भूतकाळ आहे. मराठी माणसाला हा फरक ओळखायला व्याकरणाचं पुस्तक लागत नाही. दॅटनंतरचं वाक्य मनात ‘-आवं’ने पुरं होत असेल (‘त्याने आठवडाभर सुट्टी घ्यावी’) तर सल्ला. साध्या काळात पुरं होत असेल (‘त्याने सुट्टी घेतली’) तर अनुमान. पथ्य एकच: ‘असावा’ वापरून ही परीक्षा करू नये. ‘तो गेला असावा’ यात ‘-आवा’ दिसतो, पण ते अनुमानच आहे. ‘बी’ आला तर ‘व्हावं’ लावून बघायचं. ‘दॅट द मीटिंग बी पोस्टपोन्ड’ म्हणजे बैठक पुढे ढकलली जावी.

नकाराच्या ओळी सर्वांत सोप्या. ‘सजेस्टेड दॅट ही नॉट साइन’ यात ‘डिड’ नाही की ‘डज’ नाही, म्हणजे सल्लाच. ‘सजेस्टेड दॅट ही डिड नॉट साइन’ हे अनुमान. ‘शुड’ आला तर बहुधा सल्ला, पण ‘द डेटा सजेस्ट दॅट प्राइसेस शुड फॉल’ यातला ‘शुड’ अपेक्षेचा असतो. तिथे कर्ता पाहूनच ठरवायचं.

अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं, अनेकवचनी कर्ता आणि मागे वर्तमानकाळ. ‘द रिपोर्ट सजेस्ट्स दॅट फार्मर्स यूज लेस वॉटर’ म्हणजे शेतकऱ्यांनी कमी पाणी वापरावं, की ते वापरतात? ‘यूज’चं मूळ रूप आणि अनेकवचनी वर्तमानकाळाचं रूप एकच, त्यामुळे ओळ पुढेमागे वाचल्याशिवाय निकाल लागत नाही. दुसरं, ब्रिटिश लेखन. अमेरिकन इंग्रजीत सल्ल्याला मूळ रूप घेण्याकडे कल जास्त. ब्रिटिश इंग्रजीत ‘शुड’ चालतो, शिवाय साधा काळही चालतो. त्यामुळे ‘शी सजेस्टेड दॅट दे वेंट बाय ट्रेन’ ही ब्रिटिश ओळ सल्ल्याचीही असू शकते आणि अनुमानाचीही. अशा ओळींसाठी ‘अनिर्णित’ असा तिसरा शेरा हवाच. जबरदस्तीने एका बाजूला ढकललेल्या ओळी पुढे सगळी टक्केवारी बिघडवतात.

आता शेजारशब्द. डावीकडचा कर्ता फार बोलका असतो. ‘एव्हिडन्स’, ‘रिझल्ट्स’, ‘डेटा’, ‘फाइंडिंग्ज’, ‘रिसर्च’ हे आले की जवळजवळ नेहमी अनुमान. ‘आय’, ‘ही’, ‘डॉक्टर’ असे माणसाचे कर्ते आले तर मात्र घाई करू नये, कारण माणूसही अनुमान मांडतो (‘आर यू सजेस्टिंग दॅट आय लाइड?’). ‘इट हॅज बीन सजेस्टेड दॅट’ हा शास्त्रीय लेखनातला लाडका साचा दोन्हींकडे जातो, त्यात कर्ताच गायब असतो. आणि ‘स्ट्राँगली’ने तर यादी पाहणाऱ्यांची हमखास फसगत होते. ‘द एव्हिडन्स स्ट्राँगली सजेस्ट्स’ आणि ‘आय स्ट्राँगली सजेस्ट यू लीव्ह’ या दोन्हींत तो आहे. यादीत मात्र तो एकाच ओळीत, एकाच आकड्याने दिसतो. प्रत्येक अर्थाच्या ओळी आधी वेगळ्या फायलींत टाकून मगच शेजारशब्द मोजायचे, तेव्हा कुठे त्या आकड्याला अर्थ येतो.

आकड्यांबद्दल एक हिशोब इथे मांडून ठेवतो, कारण एमआय स्कोअरवर (दोन शब्द योगायोगापेक्षा किती जास्त वेळा सोबत येतात त्याचं माप) आंधळा विश्वास ठेवण्याची सवय सगळीकडे दिसते. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. समजा एकूण 10,00,000 शब्द, ‘सजेस्ट’ची सगळी रूपं मिळून 200, खिडकी, म्हणजे ‘सजेस्ट’च्या आजूबाजूचा मोजायचा टापू, दोन्ही बाजूंना पाच-पाच शब्दांची, म्हणजे एकूण 10. एखादा दुर्मीळ शब्द सबंध मजकुरात 50 वेळा आला आणि त्यातला 4 वेळा ‘सजेस्ट’च्या खिडकीत. योगायोगाने किती वेळा यायला हवा होता? 200 × 50 × 10 ÷ 10,00,000, म्हणजे 0.1. प्रत्यक्ष 4, म्हणजे 40 पट. 40 चा दोन पायावरचा लॉग 5.3, हा एमआय. आता ‘दॅट’ घ्या. तो 10,000 वेळा आला, खिडकीत 80 वेळा. अपेक्षित 20, प्रत्यक्ष चौपट, एमआय फक्त 2. एमआय 3 च्या वरचे शब्द ठेवायचे हा प्रचलित उंबरठा लावला तर दुर्मीळ शब्द राहतो आणि ‘दॅट’ गळतो! ज्याच्यावाचून या क्रियापदाचं पान हलत नाही तोच बाहेर.

म्हणून सोबत टी-स्कोअर काढायचा: प्रत्यक्ष वजा अपेक्षित, भागिले प्रत्यक्षाचं वर्गमूळ. दुर्मीळ शब्दाला 3.9 ÷ 2, म्हणजे 1.95, तर ‘दॅट’ला 60 ÷ 8.94, म्हणजे 6.7. टी-स्कोअरचा उंबरठा 2 धरतात, तेव्हा इथे निकाल उलटा लागतो. दोन्ही रकाने शेजारी ठेवावेत. व्याकरणाचे शब्द टी-स्कोअरमध्ये वर येतात, ठरलेल्या जोड्या एमआयमध्ये. शिवाय कोणताही शब्द किमान 5 वेळा खिडकीत आल्याशिवाय यादीत घेऊ नये, नाहीतर एकाच लेखकाची एक लकब सबंध भाषेची वाटायला लागते.

खिडकीही सगळीकडे सारखी ठेवू नका. ‘दॅट’ शोधताना डावीकडे 0, उजवीकडे 3. कर्ता शोधताना डावीकडे 5, उजवीकडे 0. पाच-पाचच्या खिडकीत मागच्या वाक्याचे शब्दही घुसतात.

साधनं. मुख्य काम अँटकाँकवर. टोकियोच्या वासेदा विद्यापीठातल्या लॉरेन्स अँथनी यांचं हे शब्दशोधाचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मजकूर साध्या टेक्स्ट फायलींत, यूटीएफ-8 या अक्षरसंकेतात द्यायचा. ओळी लावताना उजवीकडचा पहिला, मग दुसरा, मग तिसरा शब्द असा क्रम ठेवला की ‘दॅट’, ‘दॅट ही’, ‘दॅट ही टेक’ असे गठ्ठे आपोआप पडतात आणि निम्मी वर्गवारी डोळ्यांनीच होते.

शोधताना ‘सजेस्ट’पुढे तारांकन टाकू नये. ‘सजेशन’, ‘सजेस्टिव्ह’, ‘सजेस्टिबल’ सगळे ओढले जातात. चारच रूपं स्वतंत्र द्यायची: सजेस्ट, सजेस्ट्स, सजेस्टेड, सजेस्टिंग. तरी ‘सजेस्टेड प्राइस’, ‘सजेस्टेड रीडिंग’ यातली विशेषणं उरतात, ती हाताने काढावी लागतात. ‘हू सजेस्टेड दॅट?’ आणि ‘सजेस्टेड दॅट प्लॅन’ यातला ‘दॅट’ म्हणजे ‘ते’ किंवा ‘तो’, दोन वाक्यं जोडणारा ‘की’ नव्हे. उलट ‘आय सजेस्ट यू लीव्ह’ यात जोडणारा ‘दॅट’च गाळलेला असतो. म्हणजे ‘सजेस्ट दॅट’ एवढंच शोधलं तर नको त्या ओळी येतात आणि हव्या त्या सुटतात. गाळलेल्या ‘दॅट’साठी ‘सजेस्ट’पुढे ‘आय, यू, ही, शी, वी, दे, इट’ असा वेगळा शोध लावावा.

प्रोजेक्ट गुटेनबर्ग या फुकट पुस्तकांच्या संकेतस्थळावरच्या फायली घेत असाल तर सुरुवातीचा आणि शेवटचा परवान्याचा मजकूर आधी छाटा. तो प्रत्येक फायलीत तोच असल्याने एकूण शब्दसंख्या फुगते. एकच कथा दोन संग्रहांत असेल तर एक प्रत काढा. तिसरी अडचण मजकुराच्या स्वभावातच आहे. जुन्या कादंबऱ्यांत ‘सजेस्टेड’ संवादाच्या शेपटीला फार येतो: ‘पर्हॅप्स टुमॉरो,’ ही सजेस्टेड. या ओळींना दॅट नसतो, त्यांचा गट वेगळा. फक्त कादंबऱ्याच घेतल्या तर ‘एव्हिडन्स सजेस्ट्स’ जवळपास दिसणारच नाही आणि ते इंग्रजीत दुर्मीळ आहे असा भलताच निष्कर्ष निघेल. वर्तमानपत्रं आणि शास्त्रीय लेख यांचा वाटा हवाच.

ओळी स्प्रेडशीटमध्ये नेताना होणारे घोटाळे ठरलेले आहेत. फाइल डबल-क्लिकने उघडली तर वळणदार अवतरणचिन्हांच्या जागी कचरा दिसतो. त्यासाठी ‘इम्पोर्ट’ करून यूटीएफ-8 निवडायचं. ‘-’ किंवा ‘=’ने सुरू होणारा तुकडा सूत्र समजला जातो आणि रकान्यात चूक झळकते, म्हणून रकाना आधीच ‘टेक्स्ट’ करून ठेवा. नमुना काढताना पहिल्या 200 ओळी उचलू नका, त्या पहिल्या दोन-चार फायलींतल्याच असतात. ‘रँड’ सूत्राने यादृच्छिक आकडे देऊन क्रम लावा, पण आकडे लगेच ‘व्हॅल्यूज’ म्हणून चिकटवा. नाहीतर कुठलाही रकाना बदलला की आकडे पुन्हा फिरतात आणि तोच नमुना परत काढता येत नाही.

तुलनेसाठी आपल्या घरचाच कॉर्पस (भाषेच्या अभ्यासासाठी जमवलेला मजकूरसंग्रह) आहे, त्याकडे फार कमी लोक वळतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. शास्त्री यांच्या देखरेखीखाली भारतीय इंग्रजीचा कोल्हापूर कॉर्पस तयार झाला: 1978 मधला छापील मजकूर, साधारण दोन-दोन हजार शब्दांचे 500 उतारे, एकूण सुमारे 10 लाख शब्द. आराखडा अमेरिकन ब्राऊन आणि ब्रिटिश एलओबी या कॉर्पसांवरून घेतलेला, म्हणून तिन्ही शेजारी ठेवता येतात. मात्र ते दोघे 1961 च्या मजकुराचे आहेत. त्यामुळे फरक दिसला तर तो देशाचा की मधल्या 17 वर्षांचा, हे आधी तपासावं. ललित लेखनाच्या पोटविभागांची वाटणीही हुबेहूब तीच नाही, म्हणून विभागवार टक्केवारी काढूनच बोलावं.

‘सजेस्ट मी अ गुड बुक’ ही रचना मात्र तिथे शोधण्यात अर्थ नाही. कोल्हापूर कॉर्पसमध्ये छापील लेखनच आहे, ही रचना राहते चॅटमध्ये आणि बोलण्यात. तिचं मूळ उघड आहे. ‘मला एक चांगलं पुस्तक सुचव’ यात ‘मला’ सहज बसतो, ‘टेल मी’, ‘गिव्ह मी’ तोंडात असतात, मग ‘सजेस्ट’लाही तोच साचा लागतो. प्रमाण इंग्रजीत तो साचा या क्रियापदाला नाही. ‘सजेस्ट अ गुड बुक’ किंवा ‘सजेस्ट अ गुड बुक टु मी’. तसंच ‘त्याने जायचं सुचवलं’चं ‘सजेस्टेड टु गो’ होतं, तिथे ‘सजेस्टेड गोइंग’ हवं. एका क्रियापदाचा साचा दुसऱ्याला लावण्याची ही सवय फक्त आपली नाही. जपानमध्ये शिकवणाऱ्या हॉर्नबी यांनी 1942 मध्ये टोकियोत निघालेल्या इंग्रजी कोशात क्रियापदांचे 25 साचे दिले, ते परभाषक विद्यार्थ्यांसाठीच.

वहीतले रकाने सध्या असे आहेत: ओळ क्रमांक, फाइल, वर्ष, कर्ता (माणूस, वस्तू, ‘इट’), पुढचा साचा (दॅट, गाळलेला दॅट, नाम, -इंग, ‘व्हॉट’-‘हाऊ’सारखे डब्ल्यूएच-शब्द, संवाद), आतल्या क्रियापदाचं रूप, अर्थाचा शेरा, क्रियाविशेषण. ‘अ थॉट सजेस्टेड इटसेल्फ’ आणि ‘सजेस्ट अदरवाइज’ यांना वेगळा शेरा आहे, ते वरच्या कुठल्याच खणात नीट बसत नाहीत.

पुढच्या टप्प्यात ‘इन्सिस्ट’ घेणार आहोत. त्यालाही हेच दुहेरी वळण आहे: ‘इन्सिस्टेड दॅट ही पे’ आणि ‘इन्सिस्टेड दॅट ही पेड’. ‘रेकमेंड’ आधी करून बघण्याचा मोह होईल, पण त्याचा दॅट जवळपास कायम सल्ल्याकडेच जातो, चाचणीला काही उरत नाही. ‘इन्सिस्ट’साठी ‘ऑन’ आणि ‘अपॉन’च्या ओळी आधीच वेगळ्या फायलीत काढून ठेवा.