‘त्रास’ या शब्दाचे काय झाले

गेल्या महिन्यात मुंबईतच भरलेल्या समाजकार्य शिक्षणविषयक परिषदेत मी एक शोधनिबंध सादर केला. समाजकार्याचे विद्यार्थी क्षेत्रकार्यात लोकांचे जे बोलणे ऐकतात, ते नोंदवहीत उतरताना त्याचे काय होते, एवढाच त्याचा विषय होता. गेली अनेक वर्षे क्षेत्रकार्याची पर्यवेक्षक म्हणून मी अशा नोंदी वाचते आहे, आणि त्या वाचताना मनात साठत गेलेल्या अस्वस्थतेतूनच हा अभ्यास उभा राहिला.

या शिक्षणाशी परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगते. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात विद्यार्थी साधारणपणे आठवड्यातले दोन दिवस एखाद्या संस्थेत किंवा वस्तीत काम करतात, प्रत्येक भेटीची सविस्तर नोंद लिहितात आणि ती नोंद समोर ठेवून पर्यवेक्षकाशी चर्चा करतात. आपल्याकडे या शिक्षणाची सुरुवातच वस्तीत झाली. भारतातील समाजकार्याचे पहिले विद्यालय, सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, १९३६ साली नागपाड्यातील नेबरहूड हाऊसमध्ये सुरू झाले आणि ते केंद्र चालवणारे क्लिफर्ड मॅनशार्ट हेच त्याचे पहिले संचालक होते. पुढे १९४४ मध्ये त्याचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झाले आणि १९५४ मध्ये ते देवनारला गेले. नागपाड्यासारख्या अनेक भाषांच्या वस्तीत काम करायचे आणि अभ्यास मात्र इंग्रजीत करायचा, हा पेच त्यामुळे पहिल्या दिवसापासूनचा आहे. आपण त्याकडे केवळ माध्यमाचा प्रश्न म्हणून पाहत आलो आहोत आणि तेच मला खटकते.

अभ्यासासाठी मी माझ्याच काही माजी विद्यार्थ्यांच्या नोंदी त्यांच्या संमतीने वाचल्या. नावे आणि पत्ते त्यांनीच आधी काढून टाकले होते. ज्या कुटुंबांविषयी त्या नोंदी होत्या त्यांचीही परवानगी आम्ही संस्थांमार्फत घेतली, आणि जिथे ती मिळू शकली नाही तिथल्या नोंदी मी न वाचता परत केल्या. त्यात काही चांगले साहित्य गेले असणार, पण त्याविषयी मला जराही खंत नाही.

या नोंदींमध्ये एक शब्द मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत शोधत गेले. वस्तीतल्या बाया पहिल्या भेटीत बहुधा एवढेच सांगतात, ‘घरात त्रास आहे.’ हा ‘त्रास’ एका नोंदीत ‘स्ट्रेस’ झाला होता, दुसऱ्या नोंदीत ‘मॅरिटल कॉन्फ्लिक्ट’ आणि तिसऱ्या नोंदीत ‘व्हायोलन्स’. मूळ वाक्य तिन्ही ठिकाणी जवळजवळ सारखेच असल्याचे विद्यार्थ्यांशी बोलल्यावर कळले. या तीन शब्दांतून मदतीच्या तीन वेगळ्या वाटा फुटतात. ‘स्ट्रेस’ लिहिले की बाईला समुपदेशनाकडे पाठवले जाते, आणि ‘कॉन्फ्लिक्ट’ लिहिले की नवरा-बायको दोघेही सारखेच जबाबदार ठरून समेटाची बोलणी सुरू होतात. ‘व्हायोलन्स’ लिहिले तरच कायद्याचे दार दिसते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक अशा चारही प्रकारच्या छळाचा समावेश आहे, आणि आपल्या बायांचा ‘त्रास’ या चारही प्रकारांना एकाच वेळी पोटात घेऊन येतो. मुंबई पोलिसांच्या आवारात १९८४ पासून सुरू असलेल्या महिला व बालकांसाठीच्या विशेष कक्षासारख्या ठिकाणी तर समोर आलेल्या बाईचे पहिले वाक्य कसे ऐकले जाते यावर पुढचे पुष्कळ काही अवलंबून असते.

परिषदेच्या आदल्या रात्री मी सादरीकरणाचा सराव आईसमोर केला. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, ‘त्रास म्हणजे सगळंच आलं गं त्यात. मग त्या मुलीने त्या बाईला पुढे काय विचारलं?’ मी नोंदी पुन्हा काढून पाहिल्या. बहुतेक ठिकाणी पुढे काही विचारलेलेच नव्हते. इंग्रजी शब्द मिळताच विद्यार्थ्याला समजल्यासारखे वाटले होते, आणि समजल्यासारखे वाटले म्हणून प्रश्न थांबला होता. माझ्या निबंधाचा गाभा हाच होता आणि तो मला आईच्या प्रश्नातून सापडला, हे मी सत्रातही सांगितले.

मला बारा मिनिटे मिळाली होती. संशोधनपद्धतीवरच्या बहुतेक स्लाईड मी गाळल्या आणि एका नोंदीतला संवाद, आधी विद्यार्थिनीला आठवला तसा आणि नंतर तिने लिहिला तसा, सावकाश वाचून दाखवला. संशोधनाच्या परिषदेत असा वेळ वाचनाला द्यावा की नाही याविषयी मी बराच विचार केला होता. आता मला वाटते की निष्कर्ष आधी आणि माणसाचे बोलणे जमले तर शेवटी, ही आपल्या सादरीकरणांची रीतच बदलायला हवी.

प्रश्नोत्तरांत विदर्भातील एका महाविद्यालयातून आलेल्या ज्येष्ठ प्राध्यापिका उठल्या. त्यांच्याकडे विद्यार्थी नोंदी मराठीतच लिहितात, आणि माझा रोख इंग्रजीवर आहे असे त्यांना वाटले होते. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, आमची मुलं मराठीत लिहितात, पण लिहितात काय, तर समायोजनाचा अभाव, कौटुंबिक कलह. ती बाई काय म्हणाली ते आमच्याही नोंदीत सापडत नाही.’ सभागृहात क्षणभर कोणी बोलले नाही. त्यांचे म्हणणे मला त्याच क्षणी पटले आणि मी तसे सांगितले. मी इंग्रजी आणि मराठी अशी रेघ ओढली होती, ती चुकीच्या जागी पडली होती. खरी रेघ बोललेल्या आणि शिकवलेल्या भाषेच्या मध्ये आहे, आणि शिकवलेली भाषा विद्यार्थ्यांच्या तोंडी घालणारे आपण शिक्षकच आहोत. माझ्याच जुन्या शेऱ्यांमध्ये मी ‘व्यावसायिक परिभाषा वापरा’ असे कितीदा लिहिले आहे, हे मला तेव्हा आठवले. निबंध छापण्यासाठी देण्यापूर्वी मी तो या अंगाने पुन्हा लिहिणार आहे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा होता. मुंबईतील वर्गांमध्ये केरळपासून मणिपूरपर्यंतचे विद्यार्थी असतात. त्यांनी मराठीत कसे लिहावे, आणि पर्यवेक्षकाला ती भाषा येत नसेल तर त्याने काय वाचावे? यावर माझी सूचना साधी आहे. संपूर्ण नोंद कोणत्याही भाषेत असो, समोरच्या माणसाचे किमान एक वाक्य त्याच्याच शब्दांत, विद्यार्थ्याला येत असेल त्या लिपीत जसेच्या तसे लिहावे, आपण लावलेला अर्थ त्याखाली वेगळा लिहावा, आणि आपल्याला अजून काय कळलेले नाही ते तिसऱ्या ओळीत लिहावे. तिसरी ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गुणांच्या भीतीने विद्यार्थी ती लिहीत नाहीत, म्हणून तिला गुण असावेत असाही आग्रह मी धरला. त्यावर एकमत झाले नाही.

परिषदेनंतरच्या सोमवारी आमच्या गटचर्चेत ही पद्धत आम्ही पहिल्यांदा वापरली. गोवंडीत काम करणाऱ्या एका आसामी विद्यार्थिनीने एका बाईंचे मराठी वाक्य आसामी लिपीत लिहून आणले होते, आणि ते तिने आम्हाला अडखळत, पण अक्षर न बदलता वाचून दाखवले, ‘घर जवळ आलं की पाय जड होतात.’ अर्थाच्या ओळीत तिने ‘भीती’ असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवले होते. तिसऱ्या ओळीत, पुढच्या भेटीत विचारायचे म्हणून, तिने लिहिले होते, ‘कधीपासून? आणि घरात कोण असतं तेव्हा?’