समुद्रावरच्यांचा वाटा

वसई पट्ट्यातल्या एका ख्रिस्ती कोळीवाड्यात मच्छीमार सहकारी संस्थेचा हिशेब मी बघते. लोकांना वाटतं, मासळीचा हिशेब. तो नाखवा आणि त्याची बायको आमच्यापेक्षा चोख ठेवतात, तेही तोंडी. माझ्याकडे येतो डिझेलचा कोटा, व्हॅटचा परतावा (तो कधी जमा होईल हे पोप महाराजांनाही सांगता येणार नाही), बोटींचे परवाने, बंदरावरची टोकनं आणि कोणत्या बोटीवर कोण खलाशी गेला त्याची यादी. त्या यादीतला एखादा माणूस परत येत नाही, तेव्हा त्याची फाईलही माझ्याच टेबलावर येते.

२०२३ च्या जानेवारीत आमच्या वाडीतला एक खलाशी डोलीचं जाळं उचलताना पाण्यात गेला. पहाटेचा अंधार होता, पाणी नुकतंच फिरलं होतं. बोटीवरच्यांनी दोर टाकला, आजूबाजूच्या बोटी धावल्या, तटरक्षक दलाला १५५४ वर कळवलं. शोध झाला. माणूस मिळाला नाही.

माणूस मिळाला नाही की पुढे काय होतं, ते बाहेरच्यांना माहीत नसतं. अंग नाही म्हणून शवविच्छेदन नाही. तो अहवाल नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही. दाखला नाही म्हणून केंद्राच्या अपघात विम्याचे ५ लाख नाहीत, आणि निराधार योजनेतही विधवा म्हणून अर्ज करता येत नाही. ज्यांना एरवी त्याची खबर लागली असती अशा माणसांना सात वर्षं काहीच खबर नसेल, तर कायदा त्याला मेलेला धरतो. १८७२ च्या पुरावा कायद्यात हेच होतं. जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला, त्यातही सातच वर्षं ठेवली. ज्या कार्यालयात मी कागद घेऊन गेले तिथल्या साहेबांनी फाईल चाळली, बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "२०३० ला या." माणूस वाईट नव्हता, मला चहासुद्धा पाजला. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं.

त्या खलाशाच्या बायकोने नवऱ्यासाठी मयताची मिस्सा, म्हणजे मेलेल्यासाठीची चर्चमधली प्रार्थना, कधी सांगितली नाही. महिना झाला तेव्हा सासरची माणसं, शेजारणी, सगळ्यांनी सांगून पाहिलं. ती एवढंच म्हणायची, "मी कुटं बघितलंय?" लोक माझ्याकडे यायचे, तू शिकलेली आहेस, तू समजाव म्हणून. मी काय समजावणार? सरकारपण तेच म्हणत होतं.

आता पवित्र आठवड्याचं, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या आठवड्याचं सांगते, कारण त्यात आमच्या धंद्याची एक खोच आहे. ईस्टर येतो वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी, म्हणजे गुड फ्रायडे बहुतेकदा पौर्णिमेच्या आसपास पडतो. आणि डोल चालते ती उधाणावर. जाळ्याचं तोंड समुद्रात ठोकलेल्या खुंटांना बांधलेलं असतं. आपण मासळीच्या मागे जायचं नसतं, पाण्याच्या ओढीने मासळी आत यायची आणि पाणी थांबलं की जाळं उचलायचं. भांगाच्या, म्हणजे उधाण नसलेल्या दिवसांत पाण्याला ओढच नसते, तेव्हा जाळं लावलं काय आणि न लावलं काय, सारखंच. म्हणजे महिन्यातून दोनदा, पुनवेला आणि अवसेला, कमाईचे चार-सहा दिवस. २०२३ साली हनुमान जयंती आणि पवित्र गुरुवार एकाच दिवशी आले, ६ एप्रिलला. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे. भर उधाण, करंदी आणि मांदेलीचा मोसम, आणि आमच्या सगळ्या बोटी किनाऱ्याला. गुरुवारी संध्याकाळी परतल्या त्या सोमवारपर्यंत हलल्या नाहीत. शहरातल्या बातमीदारांना दर्याची पूजा दिसते, नाचगाणी दिसतात. हे बुडवलेलं उधाण कोणी छापत नाही.

शुक्रवारी चर्चमध्ये घंटा वाजत नाहीत, मिस्साही नसते. उपासनेत दहा मोठ्या प्रार्थना असतात. पोपसाठी, राज्यकर्त्यांसाठी, देव न मानणाऱ्यांसाठीसुद्धा. दहावी संकटात सापडलेल्यांसाठी. त्यात आजारी येतात, कैदी येतात आणि दूर गेलेल्यांना घरी परत आण असं मागणं येतं. आमच्या फादरांनी तिथे स्वतःचे दोन शब्द घातले, "समुद्रावर असलेल्यांना." त्या खलाशाची बायको माझ्या पुढच्या बाकावर होती. तिचं आमेन सगळ्यांच्या आधी आलं आणि जरा मोठ्याने आलं. नवऱ्याला मयतांत न घालता त्याच्यासाठी मागता येईल अशी जागा तिला उपासनेत सापडली होती. माझ्या कुठल्याही नमुन्यात तसा रकाना नाही.

शनिवारी रात्री पास्काची मेणबत्ती पेटली, शुभवर्तमान वाचलं गेलं. बायका पहाटे येशूच्या कबरीकडे जातात आणि देवदूत त्यांना सांगतो की तो इथे नाही. दरवर्षी ऐकते. त्या वर्षी ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर टेबलावरची फाईल आली. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "बाय, तिथंपण अंग नव्हतं ना गं." मी हो म्हटलं. त्यावर काय बोलायचं हे मला तेव्हा सुचलं नाही, आजही सुचत नाही.

सोमवारी पहाटे बोटी गेल्या. उधाण उतरणीला लागलेलं. मी सकाळची मिस्सा करून ऑफिस उघडलं. ईस्टरनंतरच्या सोमवारचं वाचन कोणी फारसं लक्षात ठेवत नाही, पण कारकुनाने ठेवावं असं आहे. कबरीवरच्या पहारेकऱ्यांना पैसे चारून जबाब पढवला जातो, आम्ही झोपलेलो असताना शिष्यांनी प्रेत चोरून नेलं असं सांगा. झोपलेल्यांना चोर कोण हे कसं कळलं, एवढा साधा प्रश्नही कोणी विचारला नाही. त्या सगळ्या प्रकरणातला अधिकृत म्हणावा असा जबाब तेवढा एकच, आणि तो खोटा.

बोटी लागल्या. चमत्कार वगैरे काही झाला नाही, मासळी बेताचीच होती. पण पहिल्या बोटीचा तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, एक पाटी करंदी घेऊन संस्थेच्या ओट्यावर आला आणि म्हणाला, ही वेगळी विका, पैसे तिला द्या. मागून दुसरा आला, तिसरा आला. मीटिंग नाही, ठराव नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप नाही. आमच्याकडे विक्रीतून डिझेल, बर्फ, शिधा वजा जाऊन उरलेल्याचे वाटे पडतात, बोटीचा, जाळ्याचा आणि माणसांचा. ही पाटी त्या वजाबाकीच्याही आधी काढली होती. म्हणजे कोणा एकाच्या वाट्यातून नव्हे, सगळ्यांच्यातून. पैसे जमले ते पिंपभर डिझेलच्या किमतीएवढे. भर उधाणाचे तीन दिवस घालवून आलेल्यांकडून आलेले.

गाडं अडलं पावतीवर. तिला बोलावलं होतं. मी वही उघडून विचारलं, कोणाच्या नावे लिहू?

"त्याच्या. वाटा त्याचा हाय."

मी तिला बाजूला घेऊन सांगितलं की सात वर्षं खबर नाही, हेच आपल्याला सिद्ध करायचंय. उद्या विम्याचा माणूस आमची वही मागवेल आणि १० एप्रिलच्या नोंदीवर बोट ठेवून विचारेल, याला तर वाटा पोचला होता, मग बेपत्ता कसा? तिला पटलं. ती व्यवहारी बाई आहे, बाजारात बसते.

"मग तुझ्या नावाने लिहिते," मी म्हटलं.

"मी बोटीवर जात नाय. माझा कसला वाटा?"

तेवढ्यात आमच्या कमिटीतल्या एकाने मागून सुचवलं, धर्मादायात टाका. हे गृहस्थ फक्त वार्षिक सभेला आणि नेमके अशा वेळी उगवतात. ती अशी वळली की ते ओटा उतरून गेले. पैसे टेबलावर, आठ-दहा माणसं भोवती, तांडेल चुळबुळत उभे, बर्फ वितळतोय. आणि मी लिहिलं, 'समुद्रावरच्यांचा वाटा'. तिने वही स्वतःकडे फिरवली, बोट ठेवून वाचलं आणि घेणाऱ्याच्या जागी सही केली.

तेव्हापासून प्रत्येक उधाणाला बोटीमागे एक पाटी निघते. जून-जुलैच्या बंदीत थांबते, ऑगस्टमध्ये पुन्हा सुरू होते. लेखापरीक्षकाने समासात विचारलंय, 'समुद्रावरचे म्हणजे कोण? सभासद क्रमांक?' त्याचं काम तो करतोय. अध्यक्षांचं म्हणणं, सरळ धर्मादाय निधीत वर्ग करा आणि विषय संपवा. मी अजून उत्तर दिलेलं नाही. नोंद खोटी नाही, एवढं मला ठाऊक आहे. खरी आहे म्हणजे नक्की काय आहे, ते लेखापरीक्षकाला कळेल अशा भाषेत मला मांडता येत नाही.

ती म्हणते, देवाने दिलं. पहिली पाटी आणणारा तांडेल यावर हसतो, देव कुठे जाळं ओढायला आला होता म्हणतो, आणि तरी स्वतः एकही पाटी चुकवत नाही. मला दोघांचंही खरं वाटतं. ईस्टरच्या आठवड्यातल्या शुक्रवारी योहानाचा एकविसावा अध्याय वाचतात. रात्रभर जाळी टाकून शिष्यांचे हात रिकामे, पहाटे काठावर उभा असलेला कोणी सांगतो उजवीकडे टाका, आणि १५३ मोठे मासे येतात. शंभर-दीडशे नाही, १५३. उठलेला प्रभू काठावर निखाऱ्यांवर मासे भाजत बसलाय आणि इकडे कोणीतरी बसून मासळी मोजतंय! तो नक्की कुठल्यातरी संस्थेचा कारकून असणार. त्याने ते कोणाच्या नावे लिहिले, हे मात्र योहानाने सांगितलेलं नाही.

गेल्या उधाणाला ती पैसे घ्यायला आली आणि आकडा बघून भडकली. मांदेलीला एवढाच भाव? मी लिलावाची चिठ्ठी दाखवली. तिचं समाधान झालं नाही. तुमच्या पोरांना बोली लावायला येत नाही, पुढची पाटी मीच विकणार, म्हणाली. मी विक्रेत्याच्या रकान्यात तिचं नाव घातलं. त्याला सभासद क्रमांक लागत नाही.